तिसऱ्या तासाचा अर्धवट रकाना

सुमन बलभीम मुळे, वय एकोणसाठ, शिक्षिका, राहणार अणदूर. यंदाच्या माघात, मंगळवारी, तिसरा तास संपायला दहा मिनिटं असताना त्यांना भर वर्गातून बाहेर बोलावलं आणि पुन्हा आत जाऊ दिलं नाही. मार्कर टोपण न लावता टेबलावर राहिला. पिशवी शिपायानं आणून दिली. वर्गात बावीस मुलं होती, आणि त्यातल्या एकालाही त्यांना 'येते' म्हणता आलं नाही.

मला पत्रकं लिहायची सवय आहे, म्हणून नाव, गाव, वेळ आधी येते. अन्याय कुणावर झाला, कधी झाला, कुणी केला... पत्रकात या तिन्हींची उत्तरं पहिल्या चार ओळींत द्यायची असतात. पहिली दोन दिली. तिसऱ्याचं उत्तर या वेळी एका ओळीत बसत नाही, म्हणून पेपरच्या पुरवणीत एवढी जागा मागून घेतली. सुमन मुळे माझी सख्खी मावशी. चैत्रात ती गेली. मी त्या दिवशी कळंबच्या स्टँडवर, लातूरच्या गाडीला उभ्या असलेल्या लोकांना पत्रकं वाटत होते. काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, फोन आला. काका आयुष्यात कधी स्वतः फोन लावत नाहीत; नंबर मावशी लावायची आणि फोन त्यांच्या कानाला धरायची. त्यामुळं स्क्रीनवर नाव दिसलं, पलीकडून नुसता त्यांचा श्वास ऐकू आला, आणि मला कळलं. "तू ये आता," एवढंच म्हणाले. पत्रकांचा गठ्ठा चहाच्या टपरीवर ठेवला, तो अजून तिथंच असेल.

डॉक्टरांनी हृदय सांगितलं. दोन वर्षांपासून गोळ्या चालूच होत्या. तिसऱ्या दिवशी मी 'शाळेनं बळी घेतला' असा मथळा लिहिला आणि फाडून टाकला, कारण ते खरं नव्हतं. खरं काय ते लिहायला दोन महिने लागले.

अणदुरात आणि आसपास पस्तिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, 'मुळे बाई' म्हटलं की पाटी आठवते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका खोलीत दोन वर्ग, एका भिंतीला पहिली, दुसऱ्या भिंतीला दुसरी, आणि मधे बाई. अक्षरावर तिचा फार जीव. 'ळ'ला पोट नीट आलं नाही तर पोरगं घरी जात नसे. तेच अक्षर या कथेत पुढं घात करणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. निवृत्त झाली त्याच वर्षी जळकोटच्या पुढं हायवेला जी इंटरनॅशनल शाळा आहे, तिला मराठी शिकवायला बाई हव्या होत्या. शाळेचं नाव घेत नाही. त्या रस्त्यानं गेलेल्याला ते मोठं काळं फाटक माहीत आहे. मावशीनं अर्ज केला. मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. इंग्रज गेले, त्यांची शाळा आपल्या माळावर कशाला, असं माझं तेव्हाचं एक वाक्य होतं, ते मी तिला ऐकवलं. मावशी भाकरी थापत म्हणाली, "तू आत जाऊन बघितलीस व्हय? न्हाय ना? मग मी बघून येते, मग भांडू."

आणि ती बघून यायची. संध्याकाळी शाळेची बस तिला अणदूरच्या फाट्यावर सोडायची, आणि चपला काढायच्या आधी तिची गोष्ट सुरू व्हायची. तिथं सातवीला सातवी म्हणत नाहीत, ईयर एट म्हणतात. सगळी मुलं चार हाऊसमध्ये वाटलेली. चारही हाऊसना विलायती झाडांची नावं. खेळ, वक्तृत्व, स्वच्छता, शिस्त, सगळ्याचे गुण हाऊसला मिळतात नाहीतर कापले जातात, आणि सोमवारी असेंब्लीत फळ्यावर लागतात. मोठ्या मुलांतून शिस्त बघायला प्रिफेक्ट निवडतात, त्यांच्या कोटाला बिल्ला. जेवणानंतर खेळ, खेळानंतर 'प्रेप', म्हणजे सगळ्यांनी एकत्र गप्प बसून अभ्यास. मावशीच्या वाट्याला एल्म हाऊस आलं. एल्म कसा दिसतो म्हणून तिनं स्टाफरूममध्ये विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. हाऊसच्या झेंड्यावर झाड होतं खरं, पण ते रंगवणारा पेंटर तुळजापूरचा. मावशी म्हणाली, "अगं, त्यानं सरळ लिंब काढलाय. निंबोळ्यासकट." आम्ही दोघी खूप हसलो. मी ते पत्रकात वापरायचं ठरवलं होतं.

पण ती नुसती हसायला तिथं जात नव्हती, हे मला मानायचं नव्हतं. तिला त्या शाळेतल्या काही गोष्टी मनापासून आवडल्या होत्या. कुणी पोराला हात लावत नाही. लायब्ररीला कुलूप नाही. पोरगं उत्तराच्या जागी प्रश्न विचारतं आणि मास्तर रागावत नाहीत. सगळ्यात जास्त आवडला तो सकाळचा 'ट्यूटर टाइम'. रोज वीस मिनिटं तीच वीस-बावीस मुलं एका शिक्षकापुढं बसतात. शिकवायचं काही नाही, फक्त कोण कसं आहे ते बघायचं. ती म्हणाली होती, "इतकी वर्षं नोकरी केली, पोरगं आज कसं दिसतंय हे बघायला मला कुणी वेळ दिला न्हाय. हितं टाइमटेबलात लिवलंय." मी विषय बदलून फीवर नेला.

आता कार्ड. त्या शाळेत जो मुलगा किंवा मुलगी वळणावर येत नाही, त्याला आठवडाभर एक पिवळं कार्ड दिलं जातं. त्यावर पाच दिवस, दिवसाचे सात तास, असे पस्तीस रकाने. प्रत्येक तासाला मुलानं कार्ड शिक्षकापुढं ठेवायचं, शिक्षकानं लक्ष्य गाठलं की नाही ते लिहायचं, संध्याकाळी हाऊसच्या प्रमुखांनी बघायचं, आठवड्याच्या शेवटी घरी सही. ही शिक्षा असते. मूल ते कार्ड खिशात लपवतं. मावशीला मात्र हे कुणी नीट सांगितलं नाही, किंवा सांगितलं ते घाईघाईच्या इंग्रजीत. तिनं आपल्या सवयीनं त्याचा अर्थ लावला. झेडपीत वर्णनात्मक नोंदी असतात ना, प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी चांगल्या लिहायच्या, तसंच हे, फक्त तासातासाला, असं तिला वाटलं. तिला त्याचा आनंदच झाला, कारण तिच्या मनात एक जुनी टोचणी होती. मला तिनं एकदा सांगितलं, "तिकडं नोंदी गाईडातून उतरवायचो गं आम्ही. 'सुंदर गाणी म्हणतो, मित्रांना मदत करतो.' जे पोरगं महिनाभर शाळेतच आलं न्हाय, ते बी मित्रांना मदत करायचं." म्हणून या कार्डावर तिनं ठरवलं, जे डोळ्यांनी दिसेल तेच लिहायचं.

पहिलं कार्ड तिच्यापुढं आलं ते केतकीचं. हे तिचं खरं नाव नाही. कळंबच्या आडत दुकानदाराची मुलगी, वसतिगृहात राहणारी, ईयर एट, एल्म हाऊस. तिच्या कार्डावर लक्ष्य होतं: तासात बोलणे. पोरगी सहा महिने कुठल्याच तासाला बोलली नव्हती. मावशीनं पहिल्या दिवशी लिहिलं, 'आज केतकीनं ऊन लागतं म्हणून शेजारणीला आपली जागा दिली.' दुसऱ्या दिवशी, 'आज पुस्तक न बघता मान हलवत होती, म्हणजे कविता पाठ आहे.' पोरगी कार्ड घेऊन जाताना दारात थांबून वाचायची. चौथ्या दिवशी तास संपल्यावर ती मागं राहिली आणि मावशीनं विचारलं नसताना बोलली. वसतिगृहात आणि जेवणघरात मराठी शब्द तोंडून गेला की हाऊसचा एक गुण कापला जायचा. केतकीला इंग्रजी नीट येत नव्हतं. मराठी बोलली तर एल्मचा गुण जातो, इंग्रजी बोलली तर पोरी हसतात. तिनं हिशेब साधा केला आणि सगळीकडंच तोंड बंद केलं. एल्म त्या सत्रात पहिलं आलं. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या आणि शाळेनं तिला न बोलल्याबद्दल पिवळं कार्ड दिलं. मावशीनं त्या दिवशीचा रकाना पुरेना म्हणून समासात लिहिलं: 'ही मुलगी मुकी नाही. ही हाऊस वाचवते आहे.'

पुढं जे झालं ते फक्त मावशीच्याच बाबतीत होऊ शकलं असतं. मुलांनी केतकीचं कार्ड वाचलं आणि मुलांना पिवळं कार्ड हवंसं वाटू लागलं. एकानं मुद्दाम मोजे न घालता तीन दिवस काढले. एका प्रिफेक्ट मुलीनं, बिल्ला लावलेल्या, मावशीला येऊन विचारलं, बाई, काय केलं की कार्ड मिळतं? हाऊसप्रमुखांनी तक्रार केली की शिक्षेची भीतीच गेली. प्रिन्सिपल सरांनी मावशीला बोलावून कार्ड म्हणजे काय ते पहिल्यांदा मराठीत समजावलं. मावशीला लाज वाटली, हे तिनं मला सांगितलं. मग त्यांना म्हणाली, "चुकलं माझं. पण सर, आता पोरांनी वाचलंय. आता मी कोरं कसं ठेवू?" प्रिन्सिपल माणूस वाईट नाही. त्यांनी हसून सांगितलं, लक्ष्य गाठलं की नाही तेही लिहा, मग बाकी काय लिहायचं ते लिहा. ती दोन्ही लिहू लागली.

केतकीचं भरलेलं कार्ड या तक्रारीपायी प्रिन्सिपलांकडंच राहिलं होतं; ते परत मिळाल्यावर एका शुक्रवारी मावशी घरी घेऊन आली, सोमवारी मुलीकडं सहीसाठी द्यायच्या आधी मला दाखवायला. आयुष्यात मी लिहिलेली ही पहिली खरी नोंद, असं म्हणाली. ती चहा टाकायला आत गेली, आणि मी मोबाईलवर कार्डाचा फोटो काढला.

मी तिला विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं. मराठीसाठी पत्रकं काढणारा आमचा गट आहे, त्याचं त्या शाळेविरुद्ध पत्रक निघणार होतं आणि आमच्याकडं घोषणा खूप होत्या, पुरावा नव्हता. मी केतकीचं नाव काळ्या पेननं खोडलं, शाळेचं नाव झाकलं, खाली मथळा दिला, 'मराठी बोलाल तर हाऊस बुडेल', आणि मावशीचं नाव कुठंच लिहिलं नाही. मला वाटलं, एवढी काळजी पुरे. रविवारी जळकोटात पत्रक वाटलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कारण ते 'ळ'. अर्ध्या तालुक्यानं ज्या हाताखाली अक्षर गिरवलं, तो हात लोक ओळखणार नाहीत असं मला, तिच्याच पाटीवर शिकलेल्या मला, वाटलं. शाळेच्या बसचा ड्रायव्हरसुद्धा तिचा विद्यार्थी. त्यानंच आधी ओळखलं, आणि अभिमानानं सगळ्यांना दाखवलं.

मंगळवारी तिसऱ्या तासाला दार वाजलं. मुलाची खाजगी नोंद बाहेर गेली होती आणि त्या शाळेत यासारखा दुसरा गुन्हा नाही. नियम वाचला तर मला आजही तो चुकीचा वाटत नाही. कार्ड बाहेर कुणी दिलं, हे त्यांनी तिला तीनदा विचारलं. ती म्हणाली, माझ्या ताब्यात होतं, म्हणजे माझ्याच हातून गेलं. माझं नाव तिनं घेतलं नाही. राजीनाम्याचा कागद टाइप करून तयार होता, त्यावर कारण 'प्रकृतीच्या कारणास्तव'. सही केली. त्या वेळेला शाळेची बस नसते, म्हणून फाटकापासून हायवेपर्यंत चालत आली आणि एसटीनं घरी. मी धावत गेले. ती ओसरीवर गहू निवडत बसली होती. मी खूप बोलले. माफी मागितली, मग शाळेला शिव्या दिल्या, मग पुन्हा माफी. तिनं सूप खाली ठेवलं नाही. तशीच निवडत म्हणाली, "मला इचारलं असतंस, तर मी न्हाय म्हणले असते. ते तुला ठाऊक होतं. म्हणून इचारलं न्हाईस."

त्यानंतरचे दोन महिने ती माझ्याशी आधीसारखीच बोलत होती. जेवायला वाढत होती. फक्त शाळेचं काही सांगत नव्हती, आणि संध्याकाळी बसच्या वेळेला तिचं बोलणं मधेच थांबायचं... मी तेव्हा पत्रकं कळंबला वाटायला जाऊ लागले. लांब म्हणून बरं पडायचं.

आमचं पत्रक गाजलं, हेही सांगितलं पाहिजे. शाळेनं जेवणघरातला नियम काढला; तिथं आता मुलं कुठल्याही भाषेत बोलतात, गुण कापत नाहीत. गटातल्या पोरांनी पेढे आणले होते. मी मावशीला ही बातमी सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चांगलं झालं." आणि तिला खरंच चांगलं वाटलं होतं, हेच मला सहन होत नाही.

तेराव्याला प्रिन्सिपल सर अणदूरला आले. बाकीच्यांसारखे सतरंजीवर बसले, काकांचा हात हातात घेतला. निघताना मला बाजूला म्हणाले, "तुमचं पत्रक आलं नसतं तर मी त्यांना ठेवलं असतं." मी म्हणाले, "आणि ते आलं नसतं तर तुम्ही नियम ठेवला असता." दोघांचं खरं होतं आणि मधल्या खोलीत तिचा फोटो होता. मी त्यांना एकच मागितलं: ते 'प्रकृतीच्या कारणास्तव' खोडा, खरं कारण लिहा. ते म्हणाले, त्यानं मुळे बाईंचं नाव खराब होईल. मी म्हणाले, तिचं नाव तिच्या अक्षरात आहे, तुमच्या फाईलीत नाही. पत्रकातलं वाक्य होतं ते. बोलून गेले, पण खरं म्हणजे तिचं नाव त्यांच्या फाईलीतच अडकलं आहे, आणि फक्त तिचं नाही.

कारण त्याच दिवशी दुपारी केतकी आली, वडिलांबरोबर, कळंबहून दुचाकीवर. वडिलांनी काकांना नमस्कार केला आणि सतरंजीवर बसले. केतकीनं दप्तरातून दोन पिवळी कार्डं काढली. पहिलं भरलेलं. दुसरं त्या मंगळवारच्या आठवड्यातलं. शाळेनं सुट्टीत सगळ्या पालकांना निरोप पाठवला होता: जुनी कार्डं शाळा उघडेल त्या दिवशी जमा करा, पुढं नवीन छापील कार्डं येतील, त्यावर फक्त बरोबर-चूकची खूण. मराठी शेऱ्यांची जुनी कार्डं बाहेरून तपासायला येणाऱ्यांना वाचता येत नाहीत, म्हणून ती धरली जाणार नाहीत. ते आठवडे 'लक्ष्य गाठलं नाही' म्हणून लागतील. केतकीचे असे दोन झाले. म्हणून येत्या सोमवारी, शाळा उघडते त्याच दिवशी, तिच्या आईवडिलांना बोलावलं आहे, ही शाळा मुलीला मानवते का यावर बोलायला. या वाक्याचा अर्थ काय होतो ते तिथल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे.

मी लगेच म्हणाले, काढा तिला त्या शाळेतून. वडील मान हलवणार तेवढ्यात पोरगी बोलली. "मला तिथंच राहायचंय, ताई. माझी लायब्ररी हाय तिथं. एल्म हाय." मग माझ्याकडं बघून, अगदी मावशीच्या ठेक्यात, "तुमी आत जाऊन बघितलंय का?"

मी या वेळी विचारलं. तुझं लिहू का, म्हटलं. तिनं बराच विचार केला. "नाव बदला. बाकी लिवा."

केतकीनं विश्वासानं दिलेलं ते दुसरं कार्ड आता माझ्या टेबलावर आहे. सोमवारी सकाळी ते केतकीला परत द्यायचं आहे. सोमवारचे सात रकाने भरलेले. मंगळवारचे पहिले दोन भरलेले, नुसत्या सह्यांनी. तिसऱ्यात मावशीचं अक्षर: 'लक्ष्य गाठलं. आज केतकीनं स्वतःहून'... पुढं काही नाही. पेन उचललेलं दिसतं. चौथ्यापासून पुन्हा सह्या. मी केतकीला विचारलं, स्वतःहून काय केलंस? ती म्हणाली, "हात वर केला होता. बाई म्हणल्या, थांब, एवढं लिवते, मग तुझंच. तेवढ्यात दार वाजलं." बोलायला मिळालंच नाही. ती मग हात वर करूनच बसली होती, दुसरे सर वर्गात येईपर्यंत.

त्या शाळेच्या पालकांनो, मुळे बाईंच्या अक्षरातलं कार्ड तुमच्या घरात असेल तर ते कपाटातून काढा. त्यावर तुमच्या मुलाबद्दल असं काही लिहिलेलं आहे, जे एका माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिलं. ते जमा करू नका. आम्ही छापायला मागणार नाही. ते तुमच्या मुलाचं आहे, त्याला आधी विचारा. मूल हो म्हणालं तर सोमवारी सकाळी ट्यूटर टाइमच्या आधी ते घेऊन काळ्या फाटकापाशी या, केतकीच्या आईवडिलांबरोबर आत चला, कार्ड प्रिन्सिपलांच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा: हे जसं आहे तसं फाईलला लावा. आणि केतकीला त्या दिवशी जे बोलायचं होतं ते ऐकून, तिच्या कार्डावरचा तो अर्धवट रकाना पुरा केल्याशिवाय त्या खोलीतून उठू नका.